प्रेरित प्रसूती

प्रेरित प्रसूती म्हणजे नैसर्गिक कळा सुरू होण्यापूर्वी औषधांनी अथवा यांत्रिक उपायांनी गर्भाशयाचे आकुंचन सुरू करून घडवून आणलेली प्रसूती होय. गर्भारपण पुढे चालू ठेवण्यापेक्षा बाळाचा जन्म होणे मातेच्या किंवा बाळाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते, तेव्हा हा मार्ग निवडला जातो. या उपचारात औषध दिल्यापासून बाळाच्या जन्मापर्यंत काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत कालावधी लागू शकतो. हा काळ माता रुग्णालयात काढते. त्यामुळे वैद्यकीय परिणामांबरोबरच मातेला मिळणारी माहिती, सोबत आणि निर्णयातील सहभाग हेही या विषयाचे महत्त्वाचे अंग मानले जाते.

## संज्ञा

बोलीभाषेत या उपचारास 'कळा आणणे', 'कळांचे इंजेक्शन देणे' किंवा 'कळांचे सलाईन लावणे' असे म्हणतात. मात्र या शब्दांनी दोन वेगळ्या गोष्टींचा बोध होतो. कळा मुळीच नसताना त्या सुरू करणे ही प्रेरित प्रसूती होय. आपोआप सुरू झालेल्या पण मंदावलेल्या कळांना जोर आणणे हा निराळा उपचार आहे. दोन्हींत ऑक्सिटोसिनचे सलाईन वापरले जात असल्याने रुग्णांच्या नातेवाइकांचा पुष्कळदा गोंधळ होतो. पूर्वनियोजित सिझेरियन शस्त्रक्रियेचा प्रेरित प्रसूतीत समावेश होत नाही.

## शरीरक्रिया

गर्भारपणाच्या बहुतांश काळात गर्भाशयाचे मुख लांब, घट्ट आणि मिटलेले असते. दिवस भरत आले की प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांच्या प्रभावाने ते मऊ व आखूड होऊ लागते. या बदलास गर्भाशयमुख 'पिकणे' असे म्हणतात. त्यानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या साहाय्याने गर्भाशयाचे स्नायू लयबद्धपणे आकुंचन पावतात, गर्भाशयमुख उघडत जाते आणि बाळ खाली सरकते. पूर्ण उघडलेल्या गर्भाशयमुखाचा व्यास सुमारे १० सेंटिमीटर मानला जातो.

प्रेरित प्रसूतीत हीच दोन कामे बाहेरून करावी लागतात: प्रथम गर्भाशयमुख मऊ करणे आणि नंतर कळा सुरू करणे. पहिले काम झाले नसताना केवळ कळा आणल्यास माता थकते, परंतु प्रसूती पुढे सरकत नाही. या उपचाराला अनेकदा लागणाऱ्या दीर्घ वेळेचे मुख्य कारण हेच आहे.

## कारणे

प्रेरित प्रसूतीची प्रमुख वैद्यकीय कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* दिवस उलटणे: गर्भारपणाचे ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असल्यास जागतिक आरोग्य संघटना प्रसूती प्रेरित करण्याची शिफारस करते. त्यानंतर वार कमी कार्यक्षम होण्याचा आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढत जातो.
* उच्च रक्तदाब व प्रीएक्लॅम्पसिया: गर्भारपणात रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत किंवा मेंदू यांवर परिणाम होऊ लागल्यास प्रसूती हाच मूळ उपचार ठरतो.
* कळांपूर्वी पाणमोट फुटणे: गर्भजल वाहून गेल्यावर बराच काळ कळा न आल्यास जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.
* बाळाची वाढ खुंटणे, गर्भजल कमी होणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे.
* मातेचा मधुमेह नियंत्रणात नसणे, यकृताचे विशिष्ट विकार इत्यादी.
* बाळाचा गर्भाशयातच मृत्यू होणे.

गर्भारपण ४१ आठवड्यांपेक्षा कमी दिवसांचे आणि गुंतागुंतीविना असल्यास, अथवा बाळ मोठे असल्याचा केवळ संशय असल्यास, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींनुसार सरसकट प्रसूती प्रेरित करू नये. त्याच वर्षी अमेरिकेतील ४१ रुग्णालयांत पहिलटकरणींवर झालेल्या 'अराइव्ह' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी जोखमीच्या ६,१०६ स्त्रियांच्या या चाचणीत ३९व्या आठवड्यात प्रसूती प्रेरित केलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के आढळले. चाचणीच्या सोयी सर्वत्र उपलब्ध नसल्याने हा निष्कर्ष इतर देशांना कितपत लागू पडतो, याविषयी मतभेद आहेत.

वार गर्भाशयमुखावर असणे, बाळ आडवे असणे, नाळ बाहेर येणे किंवा गर्भाशयाच्या वरच्या भागावर पूर्वी उभा छेद घेतलेला असणे, अशा स्थितीत प्रसूती प्रेरित केली जात नाही.

## पूर्वतपासणी

उपचारापूर्वी शेवटच्या मासिक पाळीची तारीख व सुरुवातीच्या महिन्यांतील सोनोग्राफी यांवरून गर्भारपणाचे आठवडे निश्चित केले जातात. पाळीची तारीख आठवत नसेल आणि पहिली सोनोग्राफी उशिरा झाली असेल, तर दिवस खरोखर उलटले आहेत की नाही हे ठरवणे कठीण जाते. नोंदी असलेले माता व बाल संरक्षण कार्ड या दृष्टीने उपयुक्त ठरते. त्यानंतर मातेचा रक्तदाब, बाळाचे डोके खाली आहे की नाही आणि बाळाच्या हृदयाचे ठोके पाहिले जातात.

गर्भाशयमुख कितपत तयार आहे हे अंतर्गत तपासणीने पाहून त्यास गुण दिले जातात. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडलेली ही पद्धत 'बिशप गुणांक' म्हणून ओळखली जाते. गर्भाशयमुखाचा उघडलेपणा, आखूडपणा, मऊपणा व दिशा आणि बाळाच्या डोक्याची पातळी या पाच बाबींचे मिळून जास्तीत जास्त १३ गुण होतात. गुणांक ६ किंवा त्याहून कमी असल्यास गर्भाशयमुख प्रतिकूल समजून प्रथम ते पिकवण्याचे उपाय करतात. गुणांक ८हून अधिक असल्यास योनिमार्गे प्रसूतीची शक्यता जवळजवळ नैसर्गिक कळांइतकीच असते.

## पद्धती

### औषधे

मिसोप्रोस्टॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन मूळतः जठरव्रणावरील औषध आहे. जिवंत बाळ असताना प्रसूती प्रेरित करण्यासाठी २५ मायक्रोग्रॅम इतकी अल्प मात्रा दर २ तासांनी तोंडावाटे किंवा दर ६ तासांनी योनिमार्गात देण्याची शिफारस आहे. बाजारात २०० मायक्रोग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. अशा गोळीचे तुकडे करून दिल्यास मात्रा कमीजास्त होऊन गंभीर धोका उद्भवू शकतो. हे औषध स्वस्त असून खोलीच्या तापमानाला टिकते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांत मात्र गर्भाशय फाटण्याच्या भीतीमुळे ते टाळले जाते.

डायनोप्रोस्टोन हे दुसरे प्रोस्टाग्लँडिन भारतीय रुग्णालयांत बहुधा 'जेल' या नावाने ओळखले जाते. ते गर्भाशयमुखात सोडतात आणि शीतकपाटात साठवावे लागते.

ऑक्सिटोसिन शिरेतून सलाईनद्वारे अत्यंत मंद गतीने सुरू करून कळांच्या प्रमाणात वाढवले जाते. त्याचा परिणाम थोड्याच मिनिटांत ओसरत असल्याने कळा अति झाल्यास सलाईन बंद करून त्या आटोक्यात आणता येतात. प्रोस्टाग्लँडिनच्या शेवटच्या मात्रेनंतर ठरावीक तास गेल्याशिवाय ऑक्सिटोसिन सुरू करत नाहीत.

### यांत्रिक उपाय

लघवीसाठी वापरली जाणारी फोले नळी गर्भाशयमुखातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात. फुग्याच्या दाबाने गर्भाशयमुख हळूहळू उघडते आणि पुरेसे उघडल्यावर नळी आपोआप बाहेर पडते. या उपायात कळा अति होण्याचा धोका कमी असतो. तपासणीच्या वेळी बोटाने पाणमोट गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटी करणे आणि गर्भाशयमुख उघडल्यावर पाणमोट फोडणे हेही यांत्रिक उपायच होत.

### घरगुती उपाय

दिवस उलटल्यावर एरंडेल तेल पिण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. त्याने जुलाब, उलट्या व शरीरातील पाणी कमी होणे असे त्रास होऊ शकतात. बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्याची सोय नसताना घरी कळा आणण्याचा कोणताही प्रयत्न असुरक्षित मानला जातो.

## मातेचा अनुभव

प्रेरित प्रसूतीचा अनुभव आपोआप कळा सुरू होण्याच्या अनुभवाहून निराळा असतो. नैसर्गिक कळा बहुधा घरीच सुरू होतात; स्त्री हिंडते-फिरते, जेवते आणि कळा जवळ आल्यावर रुग्णालयात जाते. प्रेरित प्रसूतीत ती कळा नसताना दाखल होते आणि प्रतीक्षेचा पूर्ण काळ अपरिचित वातावरणात घालवते. शेजारच्या खाटेवरील स्त्रीची नंतर येऊनही आधी सुटका झाली, तर आपल्यातच काही उणीव आहे असे तिला वाटू शकते. वास्तविक हा फरक बव्हंशी गर्भाशयमुखाच्या तयारीचा असतो. मातेच्या सहनशक्तीचा किंवा प्रयत्नांचा नसतो.

औषधाने आलेल्या कळा, विशेषतः ऑक्सिटोसिनच्या सलाईनने आलेल्या, कमी वेळात जवळजवळ येतात. नैसर्गिक प्रसूतीत शरीराला वेदनेची हळूहळू सवय होते, तसा अवकाश येथे थोडा मिळतो. सलाईन व ठोके मोजणाऱ्या यंत्राचे पट्टे यांमुळे हालचालीवर बंधने येतात. दर काही तासांनी होणारी अंतर्गत तपासणी अनेकींना वेदनादायक आणि संकोचाची वाटते. 'तोंड अजून दोनच सेंटिमीटर उघडले आहे' हे वाक्य रात्र जागून काढलेल्या स्त्रीला निराश करणारे असते. परंतु या सुरुवातीच्या टप्प्यात प्रगती मंद असणे अपेक्षितच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या व्याख्येनुसार प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भाशयमुख ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरला जातो.

विविध देशांत मातांच्या मुलाखती घेऊन झालेल्या अभ्यासांत काही मुद्दे पुन्हा पुन्हा आढळतात. उपचार का हवा आहे, किती वेळ लागू शकतो आणि तो यशस्वी न झाल्यास पुढे काय, हे आधी सांगितले गेले असेल तर प्रसूती लांबली तरी मातेला ती अधिक सुसह्य वाटते. निर्णय आपल्याला न विचारता घेतला गेला ही भावना मात्र बाळ सुखरूप असतानाही दीर्घकाळ मागे राहू शकते. त्यामुळे संमती म्हणजे केवळ कागदावरची सही नव्हे. कारण, पर्याय, वाट पाहण्यातील धोका आणि नकार देण्याची मुभा या गोष्टी मातेला समजेल अशा भाषेत सांगणे संमतीत अभिप्रेत आहे.

वेदनाशमनासाठी इंजेक्शने किंवा पाठीतून दिली जाणारी एपिड्युरल भूल वापरता येते. एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ सतत उपलब्ध असावा लागतो. म्हणून ही सोय सर्वत्र मिळत नाही. कुशीवर झोपणे, शक्य तेव्हा चालणे, कंबर चोळणे, श्वासाकडे लक्ष देणे आणि विश्वासातील व्यक्ती जवळ असणे यांनीही आधार मिळतो. महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत असल्याने ही सोबत बहुधा आई, मावशी किंवा वहिनीची असते. सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी स्त्री सोबतीण जवळ ठेवण्यास केंद्र शासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली.

## धोके व गुंतागुंत

दर १० मिनिटांत पाचांहून अधिक कळा येत राहणे ही गर्भाशयाची अतिउत्तेजना होय. दोन कळांमध्ये पुरेशी उसंत न मिळाल्यास बाळाकडे जाणारा प्राणवायू कमी होऊन त्याचे ठोके मंदावतात. अशा वेळी ऑक्सिटोसिन थांबवून मातेला डाव्या कुशीवर वळवतात आणि गरज भासल्यास गर्भाशय शिथिल करणारे औषध देतात. गर्भाशय फाटणे ही विरळ परंतु प्राणघातक गुंतागुंत असून पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांत तिचा धोका अधिक असतो. जंतुसंसर्ग, पाणमोट फोडल्यावर नाळ खाली घसरणे आणि प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव हेही संभाव्य धोके आहेत. म्हणून तातडीच्या सिझेरियनची सोय जेथे आहे किंवा जेथून वेळेत पोहोचता येते, तेथेच प्रसूती प्रेरित करावी असा नियम आहे.

पाणमोट फोडून व पुरेशा काळ ऑक्सिटोसिन देऊनही सक्रिय टप्पा सुरू न झाल्यास प्रयत्न अयशस्वी समजला जातो. माता व बाळ ठीक असतील तर हा निर्णय घेण्यापूर्वी किमान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन देऊन पाहावे, असे अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. प्रयत्न अयशस्वी ठरल्यावर परिस्थितीनुसार विश्रांती देऊन पुन्हा प्रयत्न करतात किंवा सिझेरियन करतात. बाळाचे ठोके बिघडल्यास वा बाळाने पोटातच शी केल्याची चिन्हे दिसल्यास निर्णय याआधीही घ्यावा लागू शकतो.

## महाराष्ट्रातील स्थिती

### रुग्णालयातील प्रसूती

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत होत्या. सिझेरियनचे प्रमाण चौथ्या सर्वेक्षणातील (२०१५–१६) २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले होते. २०१८–२० या काळात राज्यात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. देशात हे प्रमाण ९७ होते. प्रसूती रुग्णालयात होणे ही बाब राज्यात सर्वसाधारण झाल्यामुळे तेथील सेवेचा दर्जा हा पुढील प्रश्न बनला. प्रसूतिकक्षांची गुणवत्ता आणि मातेला मिळणारी सन्मानपूर्वक वागणूक यांसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला.

### छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ मध्ये स्थापन झाले. 'घाटी' या नावाने परिचित असलेले हे रुग्णालय मराठवाड्यातील प्रमुख संदर्भ रुग्णालय आहे. कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर अशा तालुक्यांतून, तसेच शेजारच्या जिल्ह्यांतूनही जोखमीच्या गर्भवती येथे पाठवल्या जातात. शहरात महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय, डॉ. हेडगेवार रुग्णालय आणि अनेक खासगी प्रसूतिगृहेही आहेत.

ग्रामीण भागातील स्त्रीच्या दृष्टीने प्रेरित प्रसूतीचा प्रश्न अंतराशी जोडलेला असतो. रक्तदाब वाढल्याचे प्राथमिक आरोग्य केंद्रात लक्षात आले, तरी भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता कक्ष एकत्र असलेल्या ठिकाणी तिला जावे लागते. त्यासाठी घर, शेतीची कामे आणि मोठे मूल यांची व्यवस्था लावून नातेवाइकांना शहरात मुक्काम करावा लागतो. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील आहार आणि ने-आण विनामूल्य आहे.

### नागपूरमधील 'इन्फॉर्म' चाचणी

उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांत प्रसूती कोणत्या स्वस्त उपायाने प्रेरित करावी, या प्रश्नावरील एक महत्त्वाची चाचणी महाराष्ट्रातच झाली. डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात नागपूरमधील दोन सार्वजनिक रुग्णालयांत ६०२ स्त्रियांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करण्यात आली. ३०२ स्त्रियांना दर २ तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडावाटे देण्याचे, तर ३०० स्त्रियांना फोले नळी लावण्याचे ठरले. २४ तासांच्या आत योनिमार्गे प्रसूती होण्याचे प्रमाण मिसोप्रोस्टॉल गटात ५७ टक्के, तर फोले गटात ४७ टक्के होते. गर्भाशयाच्या अतिउत्तेजनेचे प्रमाण दोन्ही गटांत अत्यल्प आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अधिक परिणामकारक गटातही दहापैकी चार स्त्रियांना अपेक्षित वेळेत योनिमार्गे प्रसूती साधली नाही. मातेला आधी वास्तव कल्पना देणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

### ऑक्सिटोसिनवरील निर्बंध

दुभत्या जनावरांना पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो, या कारणास्तव केंद्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये देशांतर्गत वापरासाठी खासगी कंपन्यांनी त्याचे उत्पादन करण्यावर बंदीची अधिसूचना काढली. कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सार्वजनिक कंपनीकडे हे उत्पादन राहणार होते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी हेच औषध जीवरक्षक असल्याने पुरवठा अपुरा पडण्याची भीती डॉक्टर व आरोग्य संघटनांनी व्यक्त केली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही अधिसूचना रद्द केली.

## इतिहास

अठराव्या शतकात इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ अरुंद कटी असलेल्या स्त्रियांत पाणमोट फोडून प्रसूती लवकर घडवून आणत असत. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते असे दाखवले आणि काही वर्षांतच तो अर्क प्रसूतिशास्त्रात वापरात आला. सुरुवातीस एकदम मोठी मात्रा दिल्याने गर्भाशय फाटण्याच्या घटना घडत. १९४८च्या सुमारास थेंबाथेंबाने शिरेतून औषध देण्याची पद्धत पुढे आल्यावर मात्रेवर नियंत्रण शक्य झाले. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. त्यांना १९५५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोस्टाग्लँडिनचा प्रसूतीसाठी वापर १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूती प्रेरित करण्यासाठी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

## प्रसूतीनंतर

वार बाहेर पडण्यास मदत व्हावी आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून बाळाच्या जन्मानंतर लगेच ऑक्सिटोसिन दिले जाते. दीर्घ काळ उत्तेजित झालेले गर्भाशय नंतर शिथिल पडू शकते, त्यामुळे पहिल्या काही तासांत रक्तस्राव, नाडी व रक्तदाब यांकडे विशेष लक्ष ठेवतात. प्रीएक्लॅम्पसियात प्रसूतीनंतरही झटके येण्याचा धोका काही दिवस राहतो. माता व बाळ स्थिर असल्यास बाळाला पहिल्या तासाभरातच स्तनपान सुरू करता येते.

प्रसूती अपेक्षेप्रमाणे न झाल्यास मातेच्या मनात भीती, अपराधभाव किंवा उदासी टिकून राहू शकते. काय घडले आणि कोणते निर्णय का घेतले गेले, हे घरी सोडण्यापूर्वी तिला समजावून सांगणे उपयुक्त ठरते. पुढील गर्भारपणाच्या नियोजनासाठी प्रसूतीची पद्धत, वापरलेली औषधे आणि सिझेरियन झाले असल्यास त्याचे कारण यांची नोंद घरी सोडतानाच्या कागदावर असणे महत्त्वाचे असते.

## हेही पहा

* प्रसूती
* सिझेरियन शस्त्रक्रिया
* ऑक्सिटोसिन
* प्रीएक्लॅम्पसिया
* जननी सुरक्षा योजना
* शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर